सांध्यावरचा लाल

१

ओल्गा हुडाकने आधी नाकाला रुमाल लावला आणि मग जमिनीवर पडलेल्या मिलो वुकेलिचकडे पाहिलं. त्याच्या छपाईच्या खोलीत शाई पातळ करायच्या थिनरचा वास असा कोंडला होता की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दार उघडलंय तरी ही दशा आहे," पोलीसप्रमुख केसलर बाहेरूनच म्हणाला. आत पाऊल टाकायची त्याची तयारी नव्हती. "त्या छपाईवाल्या पोरीने दार उघडलं तेव्हा काय असेल, विचार कर. पंखा बंद, दार बंद, खिडक्यांना तर कायमच्या फळ्या ठोकलेल्या. म्हातारा गुदमरून गेला. यात तपासायचं काय आहे?"

"तपासायचं काय ते तपासल्यावर कळतं, बड. तू बाहेरच थांब, तुझी तब्येत नाजूक आहे."

ओल्गा जिल्ह्यातले संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या कोरोनरची मदतनीस. कोरोनरसाहेबांचं स्वतःचं अंत्यविधीचं दुकान होतं. दर निवडणुकीत ते गावभर हात हलवत फिरायचे, निवडून यायचे, आणि मेलेल्या माणसांकडे पाहायचं काम ओल्गाच्या गळ्यात टाकायचे. ती पूर्वी पोलादाच्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. वितळलेल्या पोलादाने भाजलेली माणसं पाहून तिचं मन घट्ट झालं होतं, पण मिलो तिच्या ओळखीचा होता. नदीकाठी उभ्या असलेल्या त्याच्या त्या लोखंडी आकृत्या, एकमेकींवर रेललेल्या, कशाच्याच नसलेल्या, गावाने आधी भंगार म्हणून हसण्यावारी नेल्या आणि मोठ्या शहरांतून लोक पाहायला येऊ लागल्यावर आमच्या म्हणून मिरवल्या. युद्धात जहाजं जोडणारा हा माणूस. खांद्याने दगा दिला आणि हातातली वेल्डिंगची मशाल सुटली, तेव्हा म्हातारपणी स्क्रीनप्रिंट, म्हणजे जाळीतून शाई ओढून चित्रं छापायला लागला.

तिने खोलीभर नजर फिरवली. मधल्या टेबलावर छपाईची चौकट होती, तिच्या जाळीत लाल शाई तशीच राहिलेली. ओल्गाने बोट लावून पाहिलं. पंख्याकडच्या बाजूला शाई वाळून तिला भेगा पडल्या होत्या, दुसऱ्या बाजूला अजून चिकट होती. डोक्यावर छपाईचे कागद वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, चिमटे लावलेल्या, पण एकीवरही कागद नव्हता. कागद सगळे कडेच्या बाकावर होते, कडेला कड जुळवून रचलेले, प्रत्येक दोघांमध्ये पातळ पांढरा टिश्यू घातलेला. वरच्या काही कागदांवर तो टिश्यू ओल्या लाल शाईला चिकटून बसला होता. आणि मिलोच्या पायापाशी, सिमेंटवर, एक लाल डाग होता. सांडलेल्या शाईचा डाग ओघळतो. या डागाची एक कड मात्र सरळ, एखादा कागद पालथा पडून उचलल्यासारखी.

तिने वरचा कागद टिश्यूसकट उजेडात धरला. एक काळी, जाड, तिरकी तुळई आणि तिच्यावर चढलेला लाल आकार. दोन्ही जिथे एकमेकांवर येत होते तिथला रंग वाळलेल्या रक्ताचा होता. पाहताना तिला बरं वाटेना, आणि नजरही हटवता येईना.

"वर कुठलं, खाली कुठलं, ते तरी कळतंय का?" केसलरने विचारलं.

"तुझं कळत नाही, तर याचं काय घेऊन बसलास," ओल्गा म्हणाली, आणि सगळे कागद आपल्या कचेरीतल्या कपाटात बंद करायला सांगून बाहेर आली.

पायरीवर नडीन प्रुइट बसली होती. मिलोची छपाईवाली. गुडघ्यांवर दोन्ही हात, नखांत शाई. ती वर न पाहताच म्हणाली, "मिसेस हुडाक, मला वाटतं मीच मारलं त्यांना."

२

नडीन बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. रविवारी ओल्गाने तिला तिथे पोचवलं, मंगळवारी परत गेली, कॉफी केली, आणि तिच्यापुढे बसून राहिली. घाई केली की माणसं खोटं बोलतात, असा तिचा अनुभव होता.

"पंख्याचं असं असतं," नडीन अखेर म्हणाली. "छापताना तो चालू ठेवला की जाळीतली शाई वाळते. पंख्याकडून वाळायला सुरुवात होते. एकदा जाळी बुजली की काम संपलं. म्हणून रबराची पट्टी ओढताना मी पंखा बंद करते. वास सहन करायचा. चार-पाच कागद झाले की परत लावायचा, हवा घ्यायची, जाळी पुसायची, परत बंद. दिवसभर हेच. ते बटणाकडे बघतसुद्धा नसत. हाताला इतकी सवय झालीय की डोकं लक्ष देत नाही."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी आम्ही भांडलो. मी लाल कालवून दिला, पहिले दोन कागद ओढून दाखवले, आणि निघून आले. निघताना बटणाला हात लावला, एवढं नक्की आठवतंय. चालू केला की बंद केला, ते आठवत नाही. दोन रात्री झाल्या, मी आठवायचा प्रयत्न करतेय. कधी दिसतं चालू केला, कधी दिसतं बंद केला."

ओल्गाला तिची दया आली. चोरी केलेल्या माणसाला आपण चोरी केली हे माहीत तरी असतं. हिला तेवढंही सुख नव्हतं.

"भांडण कशावरून?"

नडीन पहिल्यांदा थोडीशी हसली, लगेच गप्प झाली. "लाल वर की काळा वर, यावरून. छपाईत फिकट रंग आधी, गडद शेवटी. गडद रंग सगळं झाकून घेतो. नमुन्याचे कागद आम्ही तसेच काढले होते, आधी लाल, वर काळा. ते सगळ्यांना आवडले. आणि आता शुक्रवारी ते येतात आणि म्हणतात, उलटं करायचं. म्हणाले, 'अगं, लोखंड आधी असतं आणि लाल ऑक्साइड त्याच्यावर मारतात. लालवर लोखंड मारलेलं तू जन्मात पाहिलंयस का?' मी म्हटलं, हा कागद आहे, लोखंड नाही. तर म्हणे, 'तुझ्यासाठी असेल.' शुक्रवारी मी दिवसभर मुकाट्याने काळा छापला. शनिवारी वर लाल घालायची वेळ आली आणि माझा तोल सुटला. म्हटलं, दोन रंग मिळतात त्या सांध्यावर शेणासारखा रंग येईल. ते म्हणाले, येऊ दे, मी माझा ओढतो, तू जा."

"हे उलटं करायचं ठरलं, ते आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला असणार? आम्ही दोघंच होतो. फोनवर तर ते कुणाशी बोलतच नसत." तिने कप खाली ठेवला. "तसा शेणासारखा आला का हो? मी रविवारी दार उघडलं आणि मला फक्त तेच दिसले. कागदांकडे पाहिलंच नाही."

"नाही," ओल्गा म्हणाली. "शेणासारखा नाही आला."

खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. केसलर जिना चढून वर आला तो टोपी न काढताच. "प्रुइटबाई, गावाबाहेर जायचं नाही. मिलोच्या बायकोने, वेराने, जबाब दिलाय. शनिवारी दुपारी ती नवऱ्याचं जेवण घेऊन गेली होती. तेव्हा पंखा बंद होता, असं तिने डोळ्यांनी पाहिलंय."

नडीनने डोळे मिटले. "झालं तर मग," ती म्हणाली.

३

वेरा वुकेलिच स्वयंपाकघरात मिलोचे बूट पॉलिश करत होती, शवपेटीत घालायचे. टेबलावर शेजारणींनी आणून ठेवलेल्या कोबी-नूडल्सच्या परातींनी जागा उरली नव्हती. भिंतीवर त्याच चित्राचा नमुना लावलेला होता, आधीचा. यात काळी तुळई लाल आकारावरून बिनदिक्कत गेलेली, सांधा काळा कुळकुळीत.

दारातच ओल्गाला न्यूयॉर्कहून आलेले लायल थेअर भेटले. मिलोची कामं त्यांच्या गॅलरीत लागायची. पांढरे केस, पांढरेशुभ्र कफ, आवाज चर्चमधल्यासारखा.

"काल वेराबाईंचा फोन आला आणि मी गाडी काढली," ते म्हणाले. "माझ्या मनाला एकच टोचणी आहे. महिनाभर आमचं बोलणं नव्हतं. रागावला होता माझ्यावर. मी फोन करायचो, तो ठेवून द्यायचा. चित्राचा नमुना मात्र पाठवला होता. तेवढंच."

"रागावला कशावरून?"

"त्याला वाटायचं, मला त्याची कामं प्यारी आहेत, तो नाही." थेअरनी डोळे टिपले. "आता कुणाला समजावू?" असं म्हणून ते बाहेर पडले.

ओल्गा वेरासमोर बसली. एका शाळेत शिकलेल्या, एका चर्चच्या दोघी. आडपडद्याचं कारण नव्हतं.

"वेरा, शनिवारी तू गेलीस तेव्हा काय पाहिलंस ते मला सांग."

"केसलरला सांगितलं ते परत सांगू?" ब्रश थांबला नाही. "जेवण घेऊन गेले. तो छापत होता. ती भवानी पट्टी धरायला शिकवत होती, की गेली होती, ते मी नाही पाहिलं. पंखा बंद होता. वासाने माझं डोकं उठलं. मी म्हटलं, लाव की पंखा. तर नाही."

"कुठला रंग छापत होता?"

"काळा. शेवटचा."

"नक्की?"

"अगं, मला रंग कळत नाही का? काळा. भिंतीवर आहे की समोर. आधी लाल, मग काळा. काळा झाला की काम झालं, घरी येईन म्हणाला होता."

ओल्गाने भिंतीवरच्या नमुन्याकडे पाहिलं. मग तिने वेराच्या हातातला बूट काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"वेरा, काळा शुक्रवारी छापला. शनिवारी फक्त लाल. त्याने सगळं उलटं केलं होतं आणि तुला ते ठाऊक नाही, कारण शनिवारी तू तिथे गेलीच नाहीस. शुक्रवारी गेलीस. नडीन छापत होती म्हणून पंखा बंद होता, तो तू पाहिलास, आणि तोच शनिवारचा म्हणून सांगितलास."

वेराचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. ती भांडेल असं ओल्गाला वाटलं होतं. ती भांडली नाही.

"चाळीस वर्षं," वेरा म्हणाली. "जहाजाच्या गोदीत असल्यापासून रोज डबा नेला गं मी. शुक्रवारी घरी आला आणि रात्रभर तिचंच कौतुक. नडीन असं म्हणाली, नडीनने असं केलं, नडीनला कळतं. मी म्हटलं, मग उद्या नडीनच घालेल जेवायला. आणि नाही गेले. रात्री आला नाही तेव्हा म्हटलं, रागावून तिथेच झोपला असेल." तिने रुमालाने नाही, सरळ तळहाताने नाक पुसलं. "गेले असते तर तो पडलेला दिसला असता ना, ओल्गा?"

"दिसला असता."

"मग कुणीतरी मारलाच असेल त्याला. नुसती मी न गेल्यामुळे कसा मरेल माणूस?"

ओल्गाने बूट तिच्या हातात परत दिला.

४

"म्हणजे साक्षीदार गेला," ओल्गा केसलरच्या कचेरीत म्हणाली. "आणि जाळी पाहिलीस ना? पंख्याकडची शाई भेगा पडेपर्यंत वाळली होती. दुसरीकडची ओली. म्हणजे शेवटचा कागद ओढल्यावरही पंखा चांगला जोरात चालू होता. नडीनने तो चालू केलाच होता. जमिनीवरचा लाल डागही तेच सांगतो, वाऱ्याने कागद उडून पालथा पडला. म्हातारा कोसळल्यावर कुणीतरी आत आलं, पंखा बंद केला, दार लावलं आणि गेलं."

केसलर खुर्चीत मागे रेलला. तो मठ्ठ आहे असं गाव म्हणायचं. ओल्गालाही तसंच वाटायचं, आणि त्या दिवशी तिला ते महागात पडलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"हृदयाचा झटका. पण त्याने गेला नाही. फुप्फुसांवरून दिसतं की त्यानंतर बराच वेळ तो ती हवा आत घेत होता."

"म्हणजे जिवंत माणसाला कोंडून कुणीतरी निघून गेलं. बरं. आणि त्या कुणीतरी दोऱ्यांवरचे कागद उतरवले, कड जुळवली, मध्ये टिश्यू घातले. ओल्गा, मला सांग, या गावात कागदाचे असे लाड कोण करतं? मी करतो? वेरा करते? त्या पोरीशिवाय आहे कोण?" त्याने टेबलावर हात टेकले. "मी आजवर समजत होतो की ती पंखा लावायला विसरली. बिचारीची चूक. आता तूच सांगतेयस की ती परत आली, भांडणाचा राग होताच, म्हातारा तडफडताना पाहिला, आपलं काम नीट आवरलं आणि दार लावून घरी गेली. तर मग ही चूक राहत नाही. सोमवारी मी तिला न्यायाधीशापुढे उभी करतो, आणि ते तुझ्याच जाळीच्या जोरावर."

ओल्गा उठली. तिने कोट उचलला. पोरीला वाचवायला गेली आणि फास आवळून आली, अशी गत.

ती तशीच नडीनकडे गेली आणि उभ्याउभ्या विचारलं, "लाल ओढल्यावर कागद कधी रचतेस?"

"दुसऱ्या दिवशी. दोऱ्यांवर राहू द्यायचे."

"टिश्यू?"

"टिश्यू पाठवणीच्या वेळी. तो थेअरांच्या गॅलरीतून येतो, पेटी पडलेली असते कोपऱ्यात. का? ओल्या लालवर टिश्यू कोण घालेल? चिकटतो. सोलायला गेलं की शाई निघते. कागदाचं वाटोळं होतं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कुणी घातलाय का?"

५

मिलोला पुरल्यावर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमले. अक्रोडाचा गोड पाव, डुकराचं सॉसेज, मोठ्या भांड्यातली कॉफी. नडीन आली नव्हती. दफनाच्या वेळी ती कुंपणाबाहेर उभी होती आणि दोन बायका तिच्याकडे पाहून जमिनीवर थुंकल्या होत्या. ओल्गाने ते पाहिलं होतं आणि तिने बशी बाजूला सारली होती.

थेअर तिच्याशेजारी बशी घेऊन बसले. "ते कागद अजून तुमच्या ताब्यात आहेत असं कळलं. गैरसमज नको, पण सांभाळून ठेवलेत ना? माणूस गेला. त्याचा शेवटचा हात तेवढा उरलाय."

"कपाटात आहेत. चावी माझ्याकडे."

"त्यांना ऊन लागू देऊ नका. लालला ऊन सोसत नाही." ते समोर पाहत राहिले, आणि जणू प्रार्थनेतच बोलत होते. "आयुष्यभर लोखंडाला लोखंड जोडलं त्याने. आणि शेवटी कागदावर काय केलंय पाहा. तो लाल काळ्यावर चढतो आणि चढताचढता विझतो. त्या सांध्यावरचा रंग, वाळलेल्या रक्ताचा. मी इतकी वर्षं चित्रं पाहतोय, असा सांधा पाहिला नाही."

कॉफी ओतणारी बाई येऊन गेली. ओल्गाने कप तसाच धरून ठेवला.

"थेअरसाहेब, जरा आत येता का?" ती म्हणाली. "इथे बायका ऐकतात."

६

चर्चच्या स्वयंपाकघरात दोन नळ गळत होते. ओल्गाने दार लोटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. केसलरला तिने खुणेने बोलावलं होतं. तो हातात सॉसेज घेऊनच आला आणि कोपऱ्यात उभा राहिला.

"तुमच्याकडच्या नमुन्यात सांधा कुठल्या रंगाचा आहे?" ओल्गाने विचारलं.

"सांधा?"

"काळा आहे. वेराच्या भिंतीवर तसाच एक आहे. लालवरून काळा गेलेला. काळ्यावर लाल चढवायचं मिलोने शुक्रवारी ठरवलं आणि शनिवारी दुपारी स्वतः छापलं. रविवारी सकाळपासून ते कागद माझ्या कपाटात आहेत. नडीनने ते पाहिलेसुद्धा नाहीत, ती मला विचारत होती सांधा कसा आला म्हणून. केसलरने पाहिले, पण त्याला वर-खाली कळत नाही. मिलो महिनाभर तुमच्याशी बोलला नव्हता, असं तुम्हीच सांगितलंत. मग वाळलेल्या रक्ताचा रंग तुम्ही कुठे पाहिलात?"

थेअरनी आपले पांढरे कफ सरळ केले.

"मी सांगते. कोपऱ्यातल्या पेटीतले टिश्यू तुमचे. छपाई करणारं माणूस ओल्या शाईवर टिश्यू घालणार नाही, कारण काय होतं ते त्याला माहीत असतं. तुमच्याकडे चित्र येतं ते वाळलेलं येतं. हातात कागद आला की वर टिश्यू घालायचा, ही तुमची जन्माची सवय. नडीन तिथे परत आली असती तर ते कागद आजही दोऱ्यांवर असते."

केसलरने सॉसेज ओट्यावर ठेवलं.

"मी समेट करायला आलो होतो," थेअर म्हणाले. त्यांचा चर्चचा आवाज गेला होता, साधा म्हाताऱ्याचा आवाज उरला होता. "दार उघडंच होतं. पंखा जोरात चालला होता आणि कागद, सगळीकडे कागद. दोऱ्यांवर फडफडत होते, एकमेकांना लागत होते. एक सुटून जमिनीवर पालथा पडला माझ्या डोळ्यांदेखत. आणि तो खाली पडलेला होता."

"मिलो."

"मला वाटलं तो गेला. शपथेवर सांगतो, मला वाटलं संपलंय सगळं. त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, कागदांसाठी होतं. मी पंखा बंद केला. वारा येत होता म्हणून दार लावलं. मग एकेक उतरवला."

"हात लावून पाहिलंत त्याला?"

"नाही."

"का नाही?"

थेअर आपल्या हातांकडे पाहत होते. "मी हात धुतले होते," ते म्हणाले. "कागदांना हात लावायचे होते म्हणून आधी हात धुतले होते."

बाहेर कुणीतरी बशा एकावर एक ठेवत होतं.

"आणि मग?" ओल्गाने विचारलं. तिला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण विचारायचं काम तिचं होतं.

"शेवटचे काही राहिले होते. तेव्हा आवाज आला. घोरल्यासारखा. मी वळून पाहिलं तर त्याचे डोळे उघडे होते." त्यांनी ओट्याची कड धरली. "भिंतीवर फोन होता. मी फोनपर्यंत गेलोही. पण फोन केला असता तर लोक आले असते. विचारलं असतं, केव्हा आलात, इतका वेळ काय करत होतात? मी काय सांगणार होतो?"

"हेच सांगायचं होतं," केसलर म्हणाला. ओल्गाने त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "लाज वाटली असती. एवढंच झालं असतं."

"उरलेले कागद मी घाईत ठेवले. आणि निघालो. पंख्याचं, वासाचं माझ्या डोक्यातही आलं नाही."

"खोटं," ओल्गा म्हणाली. "डोळ्यांना पाणी आणणारा वास होता तो. डोक्यात आलं होतं. तुम्ही ते बाजूला ठेवलंत."

थेअर नाही म्हणाले नाहीत. केसलरने त्यांच्या दंडाला धरलं आणि मागच्या दाराने बाहेर नेलं, तळघरातल्या माणसांना दिसू नये म्हणून. ओल्गा जरा वेळ तिथेच थांबली, मग वेराला गाठून चार शब्दांत सांगितलं. वेराने ऐकलं, आणि दफनाच्या वेळी थुंकलेल्या त्या दोघी बायकांपाशी जाऊन त्यांच्या हातातल्या बशा काढून घेतल्या. "घरी जा," ती त्यांना म्हणाली. "मी खोटं बोलले होते. जा घरी."

ओल्गा बेकरीचा जिना चढून वर गेली तेव्हा नडीन बॅग भरून बसली होती. सोमवारी न्यायला येतील तेव्हा शोधाशोध नको, म्हणाली. ओल्गाने सगळं सांगितलं, काही न गाळता. नडीन ऐकताना हललीही नाही.

"म्हणजे मी पंखा लावला होता," ती म्हणाली.

"लावला होतास."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही सांगितलंय का?"

नडीनने मान हलवली. बॅगेचा पट्टा ती बोटांनी सोडवत-बांधत राहिली. मग तिने जे विचारलं ते ती विचारणार, हे ओल्गाला जिना चढतानाच ठाऊक होतं, आणि अर्ध्या जिन्यात ती त्यासाठीच थांबली होती.

"पंखा चालू राहिला असता तर वाचले असते का ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. ओल्गाने आयुष्यात कित्येक बायकांना दवाखान्याच्या दारात खोटं सांगितलं होतं, त्याला काही कळलं नाही, दुखलं नाही म्हणून. पण ही पोर इतके दिवस एका न आठवणाऱ्या गोष्टीशी झगडत होती. तिला आणखी एक संशय देऊन जाणं बरं नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, झटका तेवढा मोठा नव्हता," ती म्हणाली. "हो. बहुतेक वाचला असता."

नडीन खाली जमिनीवर बसली, बॅगेला टेकून, आणि रडायला लागली. दार उघडल्यापासून ती रडली नव्हती. आपण मारलं की नाही, या भीतीत तिला म्हाताऱ्यासाठी रडायला सवडच मिळाली नव्हती. ओल्गाने कोट काढून खुर्चीवर टाकला, गुडघे कुरकुरत असतानाही तिच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.